स्तोत्रे म्हणणारी मंडळी

शास्त्रपाठ : स्तोत्र २२, कलस्सै ३:१६, इब्री २:११-१२



रविवारच्या उपासनेतील एका लहानशा भागाकडे आज आपले लक्ष वेधावयाचे आहे. पाळक स्तोत्राचा क्रमांक सांगतात, पाने उलटल्याचा आवाज होतो, आणि एक वचन पाळकांनी व एक वचन मंडळीने अशा रीतीने ते स्तोत्र वाचले जाते. कोणी घाईने पुढे जातो, कोणी मागे रेंगाळतो, कोणाचे ओठ हलतात पण आवाज येत नाही. शेवटी त्रैक्याचे गौरवगान होते व मंडळी खाली बसते. मग पेटीचा सूर निघतो, तबल्यावर थाप पडते आणि चेहरे उजळतात. जणू खरी उपासना आता कोठे सुरू झाली!

पुष्कळ ठिकाणी एवढेही उरलेले नाही. वेळ थोडा असतो, नवी गीते बसविलेली असतात, सूचना पुष्कळ असतात. आणि काहीतरी गाळावयाचे झाले तर पहिल्यांदा गळते ते स्तोत्र. गाण्याचे एक कडवे वगळले तर गायनमंडळ नाराज होते. स्तोत्र वगळले तर कोणाचीही तक्रार येत नाही. म्हणून मी आपणांपुढे एकच प्रश्न ठेवितो : स्तोत्र गाळल्याने आपल्या मंडळीतून नेमके काय गळते?

स्तोत्र ओठांसाठी आहे

पहिल्या स्तोत्रात धन्य मनुष्याचे वर्णन आहे. तो परमेश्वराच्या नियमशास्त्राशी रात्रंदिवस काय करितो? आपल्या मराठी शास्त्रात तेथे ‘मनन’ हा शब्द आहे. शब्द चांगला आहे. परंतु ‘मनन’ म्हटले की डोळे मिटून, ओठ बंद करून बसलेला मनुष्य आपल्यापुढे उभा राहतो. मूळ इब्री क्रियापदात मात्र आवाज आहे. तेच क्रियापद यशया संदेष्टा शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी वापरितो (यशया ३१:४) आणि कण्हणाऱ्या पारव्यासाठीही वापरितो (३८:१४). म्हणजे हे मनन ओठांवरचे आहे. घशातून निघणारे, पुटपुटणारे, घुमणारे आहे. धन्य मनुष्याच्या शेजारी आपण बसलो असतो तर आपणांस त्याचा आवाज ऐकू आला असता.

भाषांतराचे काम करणाऱ्यास अशा जागी अडखळावे लागते. एक शब्द निवडावा तर दुसरा अर्थ हातचा जातो. परंतु या शब्दाने मला जे शिकविले ते कोणत्याही कोशाने शिकविले नसते. स्तोत्रसंहिता ही डोळ्यांनी वाचावयाची कवितांची वही नव्हे. ती तोंडाने म्हणावयाची प्रार्थना आहे.

हे मी एकदा चांगलेच अनुभविले. एका स्तोत्राच्या भाषांतराचा कच्चा मसुदा घेऊन मी एका खेड्यातील मंडळीत गेलो होतो. मूळ शब्दांचा सर्व अर्थ त्यात यावा म्हणून मी फार परिश्रम घेतले होते, आणि मनातून थोडा अभिमानही होता. एका वृद्ध बाईंना मी तो मोठ्याने वाचावयास दिला. चार-पाच वचने झाल्यावर त्या थांबल्या व म्हणाल्या, “भाऊ, समजतंय सगळं, पण म्हणताना दम पुरंना.” सगळा अर्थ आला होता; श्वासाला मात्र जागा उरली नव्हती. त्या रात्री मी तो मसुदा पुन्हा लिहावयास घेतला.

ज्यांच्या आयाबायांनी जात्यावर ओव्या म्हटल्या, त्यांना ही गोष्ट अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. ओवी किती लांब असावी हे कागद ठरवीत नव्हता. जात्याचा फेरा आणि दळणारीचा दम ठरवीत होता. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्वीट धर्मगुरूने गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ रचले, ते १६१६ मध्ये छापले गेले, आणि त्यात सुमारे ११,००० ओव्या आहेत. परक्या देशातून आलेल्या त्या मनुष्याने हे जाणले होते की, या भूमीत देवाची कथा आधी कानात व तोंडात राहते, मग पुस्तकात.

इब्री स्तोत्रांची घडण अशीच श्वासाची आहे. बहुतेक वचनांचे दोन भाग पडतात. पहिल्या भागात एक गोष्ट मांडिली जाते. दुसऱ्या भागात तीच गोष्ट पुन्हा हाती घेऊन फिरविली जाते, वाढविली जाते, किंवा तिच्या उलट बाजूने सांगितली जाते. १७५३ मध्ये रॉबर्ट लाउथ या इंग्रज विद्वानाने या रचनेचे पद्धतशीर विवेचन केले. पुढे १९५८ मध्ये सी. एस. लुइस यांनी स्तोत्रांवरील आपल्या पुस्तकात तिच्याविषयी एक मार्मिक विचार मांडिला. यमक व वृत्त एका भाषेतून दुसऱ्या भाषेत सहसा उतरत नाहीत. परंतु एक विचार दोनदा म्हणण्याची ही रीत कोणत्याही भाषेत उतरते. ही केवळ सुदैवाची गोष्ट असेल, अथवा जे काव्य सर्व राष्ट्रांच्या तोंडी जावयाचे होते त्यासाठी देवाने केलेली सोय असेल. एका भाषांतरकाराला तरी ती सोयच वाटते.

या दोन भागांच्या मध्ये एक विराम असतो. स्तोत्र म्हणण्याच्या जुन्या पद्धतींत तोच सर्वांत महत्त्वाचा असतो. पाश्चात्त्य मंडळीतील प्राचीन पद्धतीत आठ ठरीव चाली आहेत. प्रत्येक चालीत एकच स्वर धरून शब्द म्हणत जावयाचे, अर्ध्या वचनावर स्वर किंचित वळवावयाचा, थांबावयाचे, मग दुसरा भाग त्याच स्वरावर म्हणून अखेरीस आवाज खाली टेकवावयाचा. तानपुऱ्याचा षड्ज जसा गवयाच्या पाठीशी उभा असतो, तसा तो एक स्वर शब्दांच्या पाठीशी उभा राहतो. येथे चाल शब्दांना आपल्या तालावर ओढीत नाही. ती शब्दांची वाट पाहते. ज्याला गाता येत नाही त्यालाही हे जमते, आणि ज्याला उत्तम गाता येते त्याला येथे मिरविण्यास वाव राहत नाही.

मंडळीचा जुना अभ्यास

आपल्या प्रभूने शेवटच्या भोजनानंतर शिष्यांसह गीत गाइले व मग तो जैतुनांच्या डोंगराकडे गेला, असे मत्तय व मार्क लिहितात. वल्हांडणाच्या वेळी यहुदी लोक स्तोत्रे ११३ ते ११८ म्हणत असत. म्हणून ते गीत याच स्तोत्रांपैकी असावे असे बहुतेक अभ्यासक मानितात. तसे असेल तर बांधणाऱ्यांनी टाकून दिलेल्या दगडाचे स्तोत्र ओठांवर घेऊन प्रभू त्या रात्री बाहेर पडला. पौल व सीला यांनी फिलिप्पैच्या बंदिशाळेत मध्यरात्री देवाची स्तुती गाइली. योनाने माशाच्या पोटात केलेली प्रार्थना वाचून पाहा : तिच्यात जागोजागी स्तोत्रांचे प्रतिध्वनी आहेत. तेथे ग्रंथपट नव्हता, दिवाही नव्हता. जे तोंडात बसले होते तेवढेच त्याच्याबरोबर समुद्रात उतरले होते.

इ. स. ३८६ मध्ये मिलान नगरात सम्राटाची माता जस्टिना हिने बिशप अँब्रोस यांच्यावर मोठा दबाव आणिला होता. ख्रिस्ताचे पूर्ण देवत्व न मानणाऱ्या पंथाला चर्चची इमारत द्यावी, अशी तिची मागणी होती. लोकांनी चर्च सोडिले नाही. ते रात्रंदिवस आत पहारा करीत राहिले. ऑगस्टीन आपल्या आत्मनिवेदनात सांगतात की, दुःखाने व थकव्याने लोक खचू नयेत म्हणून पूर्वेकडील मंडळ्यांच्या रीतीप्रमाणे गीते व स्तोत्रे गाण्याची प्रथा तेव्हा तेथे सुरू झाली. बाहेर शिपाई आणि आत स्तोत्रे! भ्यालेल्या माणसांना एका आवाजात ठेवण्यासाठी अँब्रोस यांना याहून चांगले साधन सापडले नाही.

परंतु याच ऑगस्टीनना गायनाविषयी एक भीतीही वाटत असे. शब्दांपेक्षा सुरानेच आपले मन अधिक हलले, असे जेव्हा घडते तेव्हा आपण पाप केले असे ते कबूल करितात. आलेक्सांद्रियाचे बिशप अथानासियस हे स्तोत्र म्हणणाऱ्याला आवाजात इतका थोडा चढउतार करावयास सांगत की ते गाण्यापेक्षा बोलण्याच्या अधिक जवळ असे, याची ऑगस्टीन आठवण देतात. तरीही स्वतः ऑगस्टीन गायन टाकून द्या म्हणत नाहीत. कारण आपल्या परिवर्तनाच्या दिवसांत मंडळीच्या गाण्याने आपण कसे रडलो होतो, हे ते विसरले नव्हते. आजच्या आपल्या चर्चमधील ध्वनिवर्धकांच्या आवाजात ही दोन्ही वाक्ये जवळजवळ ठेवण्यासारखी आहेत : सूर आम्हांस हवा, पण सुराने शब्दाला गिळू नये.

पुढील इतिहास थोडक्यात सांगतो. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांना आठवड्यात सर्व १५० स्तोत्रे म्हणण्याचा नियम घालून दिला. इंग्लंडच्या मंडळीच्या प्रार्थनापुस्तकात सकाळ-संध्याकाळ मिळून ३० दिवसांत संपूर्ण स्तोत्रसंहिता म्हणण्याची वाटणी आहे. जिनीव्हात कॅल्व्हिन यांच्या प्रेरणेने १५६२ मध्ये सर्व स्तोत्रे फ्रेंच पद्यात गाण्यासाठी सिद्ध झाली. स्कॉटलंडच्या मंडळीने १६५० मध्ये आपले पद्यमय स्तोत्रपुस्तक स्वीकारिले, आणि १८२९ मध्ये मुंबईस आलेले डॉ. जॉन विल्सन याच परंपरेत वाढले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेला उपासनेत जागा दिली, आणि मिस्सेतील वाचनानंतरचे प्रतिसादात्मक स्तोत्र लोकांच्या तोंडी आले. एरवी ज्या परंपरा एकमेकींशी कडाडून भांडल्या त्या सर्वांनी हे एक पुस्तक मात्र सोडिले नाही.

माझे नसलेले शब्द

येथे एक प्रामाणिक आक्षेप येतो, आणि तो मी पुष्कळदा तरुणांच्या तोंडून ऐकिला आहे. “मी आज आनंदात आहे, मग विलापाचे स्तोत्र म्हणणे हा खोटेपणा नाही काय? किंवा मी दुःखात आहे. मग उपकारस्तुती ओठांनी कशी करू? प्रार्थना अंतःकरणातून यावी. छापील शब्द कशाला?”

या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी मला एक खाजगी गोष्ट सांगावी लागेल. माझी धाकटी बहीण वारली, त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी चर्चला गेलो. त्या दिवशी स्तोत्र १०३ नेमिलेले होते. त्या स्तोत्राच्या एकेका शब्दावर मी पूर्वी कित्येक दिवस घालविले होते. ते मला जवळजवळ पाठ होते. आमच्या त्या चर्चमध्ये डावीकडील बाके एक वचन व उजवीकडील बाके पुढचे वचन म्हणत. आमच्या बाजूची पाळी आली आणि माझ्या तोंडातून शब्द निघेना. जिवाने परमेश्वराचा धन्यवाद करावा, असे त्या क्षणी मी म्हणू शकत नव्हतो. म्हटले असते तर ते खरेच खोटे झाले असते. परंतु स्तोत्र थांबले नाही. माझ्या बाजूच्या लोकांनी ते म्हटले, समोरच्यांनी उत्तर दिले. मनुष्याचे दिवस गवतासारखे आहेत, वारा वाहतो आणि फुलाचा ठावठिकाणा राहत नाही, हे सत्य समोरच्या बाकांवरून, ज्यांना माझ्या घरातले काही ठाऊक नव्हते अशा माणसांच्या तोंडून माझ्याकडे आले. गौरवगानापर्यंत माझा आवाज परत आला नव्हता. पण स्तोत्र पुरे झाले होते.

त्या दिवसापासून मी वरील आक्षेपाचे उत्तर असे देतो. स्तोत्र म्हणताना मी केवळ माझ्या अंतःकरणाचा अहवाल देत नसतो. मी शरीराचा एक अवयव म्हणून बोलत असतो. मी आनंदात असताना विलापाचे स्तोत्र म्हणतो, तेव्हा तिसऱ्या बाकावर बसलेल्या, ज्याला बोलता येत नाही अशा बंधूसाठी मी आपले तोंड उसने देतो. मी दुःखात असतो, तेव्हा दुसरे कोणी माझ्या वतीने उपकारस्तुती चालू ठेवितो. म्हणूनच पौल कलस्सैकरांस लिहितो की, स्तोत्रे व गीते यांच्या योगे तुम्ही एकमेकांस शिकवीत व बोध करीत जावे. देवापुढे गाणे हे त्याच वेळी शेजाऱ्याशी बोलणे असते. आपल्या आवडीची गीते निवडून आपण गातो त्यात हे साधणे कठीण आहे; कारण आपण सहसा आपल्या आजच्या मनाला शोभणारे गीत निवडितो. स्तोत्राला मात्र आपण निवडीत नाही. नेमिलेल्या क्रमाने तेच आपल्यापुढे येते.

अथानासियस यांनी मार्सेलिनस नावाच्या गृहस्थास स्तोत्रांविषयी एक पत्र लिहिले आहे. स्तोत्रे हा आरसा आहे, म्हणणाऱ्याला त्यात आपल्या जिवाच्या सर्व अवस्था दिसतात, अशा आशयाचे विवेचन त्यात आहे. मी एवढेच जोडीन की, मंडळीत म्हटल्यावर त्या आरशात शेजाऱ्याचाही चेहरा दिसू लागतो.

आता आपली नवी गीतपुस्तके उघडून पाहा. स्तुती पुष्कळ आहे, विजय पुष्कळ आहे. विलाप किती आहे? स्तोत्रसंहितेत तर विलापाच्या प्रकारची स्तोत्रे इतर कोणत्याही प्रकारापेक्षा अधिक आहेत. स्तोत्र ८८ काळोखात सुरू होते व काळोखातच संपते; शेवटी कोणीही येऊन दिवा लावीत नाही. तरी पवित्र आत्म्याने ते पुस्तकातून काढून टाकिले नाही. ज्या मंडळीच्या तोंडी हे स्तोत्र कधीच येत नाही, तिच्यातील शोकग्रस्त मनुष्याला हळूहळू वाटू लागते की हसतमुखाने येता येत नसेल तर देवाच्या घरी येऊच नये. आणि मग तो येईनासा होतो. बंधूंनो, असे रिकामे झालेले बाक आपल्या प्रत्येकाच्या मंडळीत आहे.

शत्रूंविरुद्धच्या कठोर स्तोत्रांचा प्रश्न याहून अवघड आहे. कॅथलिक मंडळीच्या १९७१ च्या सुधारित नित्यप्रार्थनेत ५८, ८३ व १०९ ही तीन स्तोत्रे ठेविलेली नाहीत. आपल्या पुष्कळ प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी तर काही न ठरविताच ती सोडून दिली आहेत. त्यामागील संकोच मला समजतो. प्रभूने वैऱ्यांवर प्रीती करावयास शिकविले. आपण शापाचे शब्द ओठांवर कसे आणावे? तरीही मला असे वाटते की, आपण महाराष्ट्रातील मंडळींनी ही स्तोत्रे टाकण्यापूर्वी थोडे थांबावे. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहिले. सार्वजनिक पाणवठ्याला हात लावण्याची त्यांना मुभा नव्हती. तुडविलेल्या माणसाने न्यायाधीशाला हाक मारावी, याहून स्वाभाविक प्रार्थना कोणती? ज्याच्यावर कधी कोणी पाय दिला नाही त्याला ही स्तोत्रे अशोभनीय वाटणे सोपे आहे. येथे पीडित मनुष्य शस्त्र हाती घेत नाही; तो आपला संताप देवाच्या हाती सोपवितो, आणि पौलही रोमकरांस सूड देवावर सोपवावयास सांगतो. शिवाय हा संताप एका स्वरावर, विरामासह, सर्वांबरोबर म्हणावयाचा असतो. तेथे ओरडता येत नाही. मध्येच थांबून श्वास घ्यावा लागतो. क्रोधाला तोंड मिळते आणि लगामही मिळतो.

मुख्य गायक

इतके सांगूनही सर्वांत महत्त्वाची गोष्ट राहिलीच आहे. ही स्तोत्रे शेवटी कोणाची?

वधस्तंभावर आपल्या प्रभूने जी आरोळी मारिली ती त्याने नव्याने रचिलेली नव्हती. ती स्तोत्र २२ ची सुरुवात होती. प्राण सोडताना त्याने आपला आत्मा पित्याच्या हाती सोपविला, तो स्तोत्र ३१ च्या शब्दांत. ज्याच्या शब्दाने जग उत्पन्न झाले, त्याने आपल्या मरणघटकेला दुसऱ्याने लिहिलेली प्रार्थना म्हटली! ‘छापील प्रार्थना अंतःकरणातून येत नाही’ असे म्हणणाऱ्याने वधस्तंभाजवळ थोडा वेळ उभे राहावे.

पण स्तोत्र २२ त्या आरोळीवर संपत नाही. त्याच्या उत्तरार्धात तोच टाकलेला मनुष्य मंडळीच्या मध्यभागी उभा राहून देवाची स्तुती करू लागतो; दीन जेवून तृप्त होतात; पृथ्वीच्या सीमा वळून येतात. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा लेखक दुसऱ्या अध्यायात त्याच उत्तरार्धातील शब्द येशूच्या मुखी घालितो. जो आपणांस बंधू म्हणावयास लाजत नाही, तोच मंडळीमध्ये स्तुती गातो. हे नीट ध्यानात घ्या. आपण जेव्हा स्तोत्र म्हणतो तेव्हा पाळक ते सुरू करीत नाहीत, गायनमंडळही नाही. मुख्य गायक आधीपासूनच गात असतो, आणि आपण मध्येच आपला आवाज मिळवितो. ऑगस्टीन आपल्या स्तोत्रांवरील प्रवचनांत हेच पुनःपुन्हा सांगतात : कधी मस्तक बोलते, कधी शरीर बोलते, पण बोलणारा ख्रिस्त एकच. नाझी राजवटीत १९४५ मध्ये फाशी दिले गेलेले जर्मन पाळक डीट्रिच बोनहोफर यांनी १९४० मध्ये स्तोत्रांवर एक लहान पुस्तक प्रसिद्ध केले. जी स्तोत्रे आपल्याला आपली वाटत नाहीत ती ख्रिस्ताची प्रार्थना म्हणून आपण म्हणू शकतो, या विचारावर ते उभे आहे.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : स्तोत्र गाळले जाते तेव्हा उपासनेतील चार मिनिटे वाचत नाहीत, ख्रिस्ताबरोबर व एकमेकांच्या वतीने बोलण्याची आपली सवय गळून पडते. आणि ही सवय संकटाच्या दिवशी एकाएकी लागत नाही. मिलानच्या लोकांजवळ स्तोत्रे होती म्हणून त्यांना ती गाता आली. योनाला ती तोंडपाठ होती म्हणून माशाच्या पोटात ती सापडली.

आता काय करावे?

आपली मंडळी मोठी असो वा लहान, काही साध्या गोष्टी करण्यासारख्या आहेत.

पहिली, स्तोत्र घाईने वाचू नका. अर्ध्या वचनावर सर्वांनी एक पूर्ण श्वास थांबावे. शेजारी मागे असेल तर त्याच्यासाठी थांबावे. सुरुवातीस हे अवघडल्यासारखे वाटेल. तीन-चार रविवारांत तो विरामच प्रिय वाटू लागेल.

दुसरी, मंडळीचे दोन भाग करा व एकमेकांकडे ऐकत स्तोत्र म्हणा. समोरचे बोलत असताना आपण गप्प राहणे ही देखील प्रार्थना आहे.

तिसरी, जमल्यास ते एका स्वरावर म्हणा. पेटीवर सर्वांना सोयीचा एक स्वर धरावा, पहिला भाग त्यावर म्हणून शेवटच्या शब्दावर एक स्वर वर जावे, थांबावे, दुसरा भाग पुन्हा मूळ स्वरावर म्हणून अखेरीस एक स्वर खाली उतरावे. एवढे पुरे आहे. ज्यांना हे परके वाटेल त्यांनी स्तोत्र १३६ पासून आरंभ करावा. त्याच्या २६ वचनांपैकी प्रत्येक वचनाचा उत्तरार्ध एकच आहे. आपल्या भजनातील ध्रुपदाप्रमाणे मुलेही तो लगेच उचलतील.

चौथी, आवडीची दहा-बारा स्तोत्रेच फिरवीत राहू नका. दररोज एक म्हटले तर पाच महिन्यांत सर्व १५० होतात. जे स्तोत्र आज तुमचे नाही, ते कोणाचे आहे असे स्वतःस विचारा, आणि त्याच्यासाठी ते म्हणा.

पाचवी गोष्ट महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. इंदूर, वडोदरा, हैदराबाद, दिल्ली येथे आपल्यापैकी पुष्कळांची रविवारची उपासना दुसऱ्या भाषेत होते. मुले मराठी बोलतात पण वाचीत नाहीत. त्यांना व्याकरणाचे धडे देण्यापूर्वी रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत एक मराठी स्तोत्र आळीपाळीने म्हणा : अर्धे वचन आईवडिलांनी, अर्धे मुलांनी. त्यांना शब्द कळो वा न कळो, एक दिवस त्यांना त्यांची गरज पडेल, आणि त्या दिवशी ते आजीच्या आवाजात त्यांच्या तोंडी येतील.

ऑगस्टीन मरणशय्येवर होते तेव्हा त्यांनी पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून घेऊन समोरच्या भिंतीवर लावली होती, असे त्यांचे चरित्रकार पोसिडियस सांगतात. अगणित ग्रंथ लिहिणाऱ्या त्या महान आचार्याला अखेरच्या दिवसांत स्वतःचे एकही वाक्य पुरले नाही. ते भिंतीकडे पाहून दुसऱ्याचे शब्द वाचीत व रडत. आपल्यालाही तो दिवस यावयाचा आहे. तेव्हा भिंतीवर काय असेल, हे आपण आज रविवारी बाकावर बसून ठरवीत असतो.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू मंडळीच्या मध्यभागी उभा राहून पित्याची स्तुती करितोस. आम्ही घाई करितो, तू आम्हांस थांबावयास शिकव. आम्ही आपल्याच सुखदुःखापुरते बोलतो, तू आम्हांस एकमेकांसाठी बोलावयास शिकव. आमच्यातील ज्यांचा आवाज आज बंद झाला आहे त्यांच्या वतीने आमचे ओठ उघड. आणि आमचा आवाज बंद होईल त्या दिवशी आमच्यासाठी म्हणणारी मंडळी आमच्या शेजारी ठेव. आमेन.